आईला घेऊन व्हेनिसला जाताना

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं व्हेनिसला गेलो होतो. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझी आई. चारपैकी दोन दिवस आई हॉटेलच्या खोलीत बसून होती. त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांना घेऊन निघणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

चूक झाली हॉटेल निवडताना. नकाशात ते सांता लुचिया स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर होतं. पण व्हेनिसच्या गल्ल्यांत गाडीच चालत नाही. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. आमच्या वाटेत पाच आले. नवरा एकेक बॅग पलीकडे ठेवून परत येत होता. आई कठडा धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, मग पुढची पायरी. तिसऱ्या पुलावर म्हणाली, "अजून किती गं?" रात्री गुडघे सुजले.

म्हणून अंतर बघू नका. वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या बोट-बसच्या, थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात ते हॉटेलला लेखी विचारा. एकही नको. आम्ही गेलो तेव्हा 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो होतं आणि 24 तासांचा पास 25 युरो, त्यामुळे पासच परवडतो. 1 नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून थांबत थांबत जाते. आईला जे काही व्हेनिस मनासारखं बघता आलं ते तिच्यातूनच.

दुसरं म्हणजे पाणी. तिथे हिवाळ्याच्या तोंडाला मोठ्या भरत्या येतात. खाडी समुद्राला मिळते तिथे 2020 पासून भरती अडवणारे दरवाजे चालू झालेत, म्हणून आम्ही निर्धास्त. पण ते साधारण 110 सेंटिमीटर भरतीचा अंदाज असेल तरच उचलतात, आणि सान मार्को चौक त्याहून सखल आहे. सकाळी तिथे घोटाभर पाणी आणि मांडलेल्या फळ्यांवरून माणसांची रांग. आई तिथूनच मागे फिरली. भरतीची वेळ आदल्या दिवशी बघून ओहोटीला जायला हवं होतं.

गोंडोलाचे दिवसाचे सरकारी दर अर्ध्या तासाला 90 युरो, माणशी नव्हे, अख्ख्या नावेचे. बसण्याआधी ठरवून घ्या.

चौकातल्या घंटेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, हे आम्हाला शेवटच्या दिवशी कळलं. वर गेलो. खाली नुसती लाल कौलं, शहरातले कालवे घरांआड लपलेले. आई जाळीला हात लावून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढे पूल चढवलेस मला, ते गेले कुठे?"