गंजाखालचा क्रिस्पस

मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालणारे छंदिष्ट इंग्लंडमधल्या आमच्या संग्रहालयात आले की आधी किंमत विचारतात. या गृहस्थांनीही तेच विचारलं. डब्यात मातीसकट तांब्याची रोमन नाणी होती. एका जागी अशी दहा किंवा जास्त सापडली की १९९६च्या कायद्यानुसार कळवावं लागतं. पुढची कागदपत्रं महिनोन्‌महिने चालतात.

वरची दोन नाणी त्यांनी तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केली होती. फार वाईट वाटलं. घासल्यावर अक्षरं जातात, आणि ओळख पटते ती अक्षरांवरूनच. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली साळिंदराच्या काट्याने साफ करतो. माती आणि सुटा गंज निघतो, धातूवर ओरखडा उठत नाही. वेळ लागतो, तो द्यायचाच.

एका नाण्यावर वेदी, वेदीवर गोल, खाली लंडनच्या टांकसाळीची खूण. म्हणजे इसवी सन ३२१ ते ३२४च्या सुमाराचं. दुसऱ्या बाजूला शिरस्त्राण घातलेला तरुण. चेहऱ्यावर विसंबता येत नाही: सम्राट कॉन्स्टन्टाईनचा त्याच नावाचा धाकटा मुलगा तेव्हा पाचेक वर्षांचा, पण नाण्यांवर तोही चांगला बाप्या दिसतो. कडेचा हिरवा थर सोडवत गेले आणि सी, आर, आय, एस दिसली. क्रिस्पस!

हा त्याच सम्राटाचा थोरला मुलगा. ३१७ साली सीझर, म्हणजे वारस. ३२४ साली हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत बापाचा प्रतिस्पर्धी सम्राट लिसिनियस याचं आरमार त्यानेच मोडलं. ३२६ साली बापाच्याच हुकमाने पोला (आजच्या क्रोएशियात) इथे मारला गेला. शिलालेखांवरून नाव खरवडलं. कॉन्स्टन्टाईनचं चरित्र लिहिणाऱ्या युसेबियसने त्यात या मुलाचा उल्लेखही केला नाही. विद्वानाचं हे मौन मला संतापजनक वाटतं.

आणि याच ठेवीत दोन सैनिक, मध्ये दोन ध्वज अशी कॉन्स्टन्टाईनची ३३० नंतरची नाणीही आहेत. म्हणजे वारस मारला गेल्यावर निदान चार वर्षं तरी त्याचं नाणं बापाच्या नाण्यांबरोबर कुणाच्या तरी थैलीत होतं. दगड खरवडता येतात, लोकांकडची चिल्लर कोण गोळा करणार?

सहकारी म्हणतो, चिल्लरीवरचं नाव कुणी वाचत नाही. मला हे पटत नाही. क्रिस्पस ट्रिअरला (आजच्या जर्मनीत) राहून ऱ्हाईन नदीच्या सीमेवर लढलेला, इकडच्या माणसांना परका नव्हे. वेदीची आणखी दोन नाणी अजून गंजात आहेत. तीही त्याचीच निघाली तर कुणीतरी ती मुद्दाम जपली, असं म्हणता येईल का? तेवढ्यावरून नाही, हे मलाही कळतं. तरी आधी तीच दोन साफ करायला घेणार आहे.