पँटवरची चड्डी

"मावशी, हा चड्डी पँटच्या वरून का घालतो?"

पडद्यावर सुपरमॅन ढगांत शिरत होता आणि माझा आठ वर्षांचा भाचा त्याच्या कमरेकडे बघत होता. मी सरसावून बसले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं थांबले होते. सांगायला लागले, की १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुण मित्रांचा सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला, त्या काळी ताकदवान माणूस बघायला लोक सर्कशीत जायचे. तिथले पहिलवान अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे आणि त्यांवर आखूड चड्डी. तेच रूप मग...

"घाई असते ना त्याला," भाचा मध्येच म्हणाला. "घाईत आधीचं नंतर होतं."

आणि हसला नाही. रोज सकाळी शाळेची बस गाठणाऱ्या माणसाने घाईतल्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला आणि पुन्हा सिनेमात बुडाला. सर्कस माझ्या तोंडातच राहिली.

सुपरहिरोच्या सिनेमांत विनोद किती असावा आणि गांभीर्य किती, यावर मोठी माणसं तासन्‌तास भांडतात. मीही भांडलेय. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलंय, की ते भांडण मुळात या चड्डीचं आहे. चांगला बाप्या माणूस रंगीत, घट्ट कपडे चढवतो, पाठीला कापड बांधतो आणि गुंडांना बदडायला निघतो. बघणाऱ्याला हसू येणारच. दिग्दर्शकाला ते कळतं, नटाला तर आरशात दिसतंच. मग त्याची लाज वाटायला लागते आणि सगळा घोळ त्या लाजेतून होतो.

आम्ही बघत होतो तो सिनेमा १९७८चा, रिचर्ड डॉनरचा. त्यात लाजेचा लवलेश नाही. कॉमिक्समधला सुपरमॅन टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून कपडे बदलतो, हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. इथे क्लार्क केंट, म्हणजे साध्या कपड्यांतला सुपरमॅन, घाईघाईने बूथ शोधतो, तर समोर नव्या पद्धतीचा टेलिफोन : खांबाला अडकवलेला, जेमतेम डोकं झाकेल एवढा आडोसा. सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि पुढे पळतो. विनोद संपला. चुटकीएवढा वेळ, एक शब्द नाही. मग तो उडतो, इमारतीवरून कोसळणाऱ्या नायिकेला, लोइसला, अधांतरी झेलतो आणि अदबीने सांगतो, की घाबरू नका, मी धरलंय तुम्हाला. ती किंचाळते, "तुम्ही मला धरलंय? मग तुम्हाला कोणी धरलंय?"

यावर मी दर वेळी हसते. गंमत अशी, की या हसण्याने सिनेमावरचा विश्वास उडत नाही, उलट बसतो. कारण तिच्या जागी आपण असतो तर हेच ओरडलो असतो. (याच सिनेमातला खलनायकाचा तो बावळट मदतनीस मात्र मला जरा जास्तच होतो. असो.)

आता कुणी म्हणेल, मग सगळाच आचरटपणा केला तर? तोही करता येतो, फक्त तो सरळ चेहऱ्याने करावा लागतो. १९६६च्या बॅटमॅनमध्ये नायक झालेला ॲडम वेस्ट पेटती वात असलेला गोल काळा बाँब डोक्यावर धरून धक्क्यावर सैरावैरा धावतो. फेकायला जावं तर समोर जोगिणी. वळावं तर बाबागाडी घेऊन आलेली आई. पाण्यात टाकावा तर होडीत प्रेमी जोडपं. शेवटी एक मोकळी जागा सापडते, तर तिथे बदकं! वैतागून तो म्हणतो, काही काही दिवस बाँब टाकायला जागाच मिळत नाही. पण वेस्ट एकदाही हसत नाही. त्याच्या लेखी बदकांचा जीव हा खरोखरच महत्त्वाचा मामला आहे. लहानपणी बघणारा श्वास रोखून बघतो, मोठेपणी बघणारा लोळून हसतो, आणि दोघांचंही बरोबर असतं.

१९९७च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये आचरटपणा साधारण तेवढाच आहे. बॅटमॅन क्रेडिट कार्डसुद्धा बाळगतो. बर्फाचा खलनायक झालेला श्वार्झनेगर दर दोन मिनिटांनी थंडीवर कोटी करतो. पण इथे सगळे जण डोळा मारत असल्यासारखे वागतात : आम्हाला माहितीये हं, की हे फालतू आहे. ठीक आहे, तुम्हालाच फालतू वाटतंय तर आम्ही कशाला बसू? पुढची आठ वर्षं पडद्यावर हाडामांसाचा बॅटमॅन आला नाही.

माझ्या ओळखीत एक बाई आहेत. दार उघडल्या उघडल्या म्हणणार, "घर बघू नका हं, पसारा आहे." चहा देताना पुन्हा. निघताना पुन्हा. घर खरं तर लख्ख असतं. पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर आपण नकळत कोपऱ्यातली धूळ शोधायला लागतो. हल्लीचे बरेच सुपरहिरो मला या बाईंच्या गोत्रातले वाटतात. लोकांनी नावं ठेवायच्या आधी आपणच ठेवून मोकळं व्हायचं.

'थॉर : रॅग्नारॉक'मध्ये थॉरचं जग, त्याच्या बापजाद्यांची भूमी, त्याच्या डोळ्यांसमोर जळत असते. जहाजात उरलेसुरले लोक आहेत, कुणी बोलत नाही. तेवढ्यात दगडाचा बनलेला कॉर्ग त्याच्या गोड आवाजात धीर देतो, की पाया शाबूत आहे तोवर पुन्हा उभं करता येईल सगळं. तोच धडाम! सगळं उडतं. आणि कॉर्ग म्हणतो, नाही, गेला पाया, सॉरी. थिएटरात हशा पिकला, मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण घरी येईपर्यंत लक्षात आलं, की एक अख्खा देश नष्ट झाला आणि मला त्याचं काही म्हणजे काहीच वाटलेलं नाही. वाटायची वेळ आली होती, नेमका तेव्हाच कुणीतरी गुदगुल्या केल्या. २०२२च्या पुढच्या भागात तर नायकाच्या प्रेयसीला कर्करोग आहे, तोही शेवटच्या टप्प्याचा, आणि त्याच सिनेमात दोन अवाढव्य बोकड ऊठसूट किंचाळत असतात. बोकडांशी माझं वैर नाही. पण त्या बाईला निवांत आजारी पडायला तरी जागा द्यायची.

मग दुसरी तऱ्हा. २०११मध्ये कॉमिक्समधल्या सुपरमॅनची चड्डी काढली गेली. २०१३मध्ये सिनेमातलीही गेली आणि तिच्याबरोबर बहुतेक हसूही गेलं. रंग मळकट झाले, आभाळ भरून आलं, नायकाच्या तोंडावर कायमचं सुतक. याला 'प्रौढ' म्हणायची पद्धत आहे. मला मात्र ते पंधरा-सोळाचं वय आठवतं, जेव्हा फोटोत हसायचं नसतं, कपडे काळेच हवे असतात आणि आईने लाडाच्या नावाने हाक मारली तर धरणी दुभंगावी असं वाटतं. खरी मोठी माणसं बऱ्यापैकी हसतात. दवाखान्याच्या बाकावर हसतात, मयताहून परतताना गेलेल्याचे किस्से सांगून हसतात. हसायचं नाही, हा नियम मोठं व्हायच्या घाईत असलेल्यांचा.

शिवाय हसू दाराबाहेर ठेवलं म्हणून ते निघून जात नाही, खिडकीतून येतं. २०१६मध्ये बॅटमॅन आणि सुपरमॅन एकमेकांच्या जिवावर उठले. भाला छातीपर्यंत आला आणि तेवढ्यात कळलं, की दोघांच्याही आयांचं नाव मार्था. बॅटमॅनचा हात थांबला. बनवणाऱ्यांच्या मते हा काळीज हलवणारा क्षण होता. प्रेक्षकांनी त्या 'मार्था'चा जगभर जो विनोद केला, तो अजून चालू आहे. सिनेमाने स्वतः आधी कुठे थोडं हसू दिलं असतं, तर लोकांनी त्या क्षणासाठी साठवून ठेवलं नसतं.

तेव्हा टिंगलवाले आणि सुतकी चेहऱ्याचे, हे मला हल्ली सख्खे भाऊ वाटतात. एक चड्डीकडे बोट दाखवून आधीच हसून घेतो, दुसरा ती कपाटात दडवतो. लाज दोघांनाही तीच.

गडद सिनेमाला विनोद झेपत नाही असंही नाही. 'द डार्क नाइट'मध्ये कंपनीचं काम बघणारा एक जण कंपनीप्रमुख झालेल्या मॉर्गन फ्रीमनसमोर येऊन बसतो : तुमचा मालकच बॅटमॅन आहे हे मला कळलंय, आता जन्मभर दरवर्षी एक कोटी डॉलर द्या. फ्रीमन शांतपणे विचारतो, की जगातला एक गडगंज, ताकदवान माणूस रात्री नुसत्या हातांनी गुन्हेगारांचा चेंदामेंदा करतो, असं तुमचं म्हणणं. आणि याच माणसाला धमकावून पैसे उकळायचा तुमचा बेत आहे? शुभेच्छा! हशा येतो, पण त्या हशात बॅटमॅनचा दरारा वाढतो. सिनेमाच्या अंधाराला कुठेही भोक पडत नाही.

आणि २०१९चा 'जोकर'. दिग्दर्शक टॉड फिलिप्स तोवर विनोदी सिनेमांसाठी ओळखला जायचा, आणि ते एका ठिकाणी लख्ख दिसतं. आर्थरने, म्हणजे जोकर होऊ घातलेल्या नायकाने, घरी आलेल्या सहकाऱ्याचा नुकताच खून केलाय. दुसरा सहकारी, बुटका गॅरी, कोपऱ्यात थरथरतोय. आर्थर त्याला म्हणतो, तू जा, तू माझ्याशी नेहमी चांगला वागलास. गॅरी जीव मुठीत धरून दाराशी जातो. कडी उंचावर, त्याचा हात पुरत नाही. शेवटी त्याला खुन्यालाच विनंती करावी लागते, की बाबा, कडी काढतोस का? थिएटरात मी हसले आणि त्याच श्वासात स्वतःचीच शरम वाटली. लाज असावी तर अशी. सिनेमाने बाळगण्यापेक्षा आमच्या पदरात घातलेली.

चड्डी परत आली, हे सांगायचं राहिलं. कॉमिक्समध्ये २०१८ला, हजाराव्या अंकाच्या मुहूर्तावर. सिनेमात २०२५ला, जेम्स गनच्या सुपरमॅनमध्ये. त्याची सुरुवातच बघा : मार खाऊन, हाडं मोडून सुपरमॅन बर्फात पडलेला. कसाबसा शीळ घालतो. मदतीला कोण, तर अंगावर लाल कापड मिरवणारा त्याचा कुत्रा. तो आनंदाने मोडक्या फासळ्यांवरच उड्या मारायला लागतो. दुखणं खरं, कुत्राही खरा. कुत्रा असाच वागतो.

पण माझा सगळ्यात लाडका प्रसंग जुना आहे, २००४च्या 'स्पायडरमॅन २'मधला. गेल्या आठवड्यात तो भाच्याला मुद्दाम दाखवला. पीटरच्या, म्हणजे स्पायडरमॅनच्या, शक्ती दगा देतात. भिंतीवर चढता येईना, म्हणून तो त्या लाल-निळ्या कपड्यांत, मुखवट्यासकट लिफ्टने खाली निघतो. मध्ये एक माणूस आत शिरतो. दोघं शेजारी शेजारी उभे, लिफ्टमधली ती मिळमिळीत शांतता. छान ड्रेस आहे, कुठून घेतला? मीच शिवला. अवघडल्यासारखं होत असेल ना? हो, खाज सुटते. आणि जांघेत जरा वर चढतो. पुन्हा शांतता.

मी खो-खो हसत होते. भाचा नाही. पुढे आगगाडीचा प्रसंग आला. गाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला प्रवासी डोक्यांवरून हातोहात आत नेतात, मुखवटा नसलेला चेहरा बघून कुणीतरी म्हणतं, अरे, हा तर पोरगा आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. मी डोळे पुसले. भाचा विचारात पडलेला.

"मावशी," तो म्हणाला, "गाडी थांबवताना पण त्याला खाज सुटली असेल?"

"असेल."

"मग खाजवणार कसं? दोन्ही हात तर जाळ्याला."

दुसऱ्या दिवशी तो गळ्यात टॉवेल बांधून पलंगावर उभा होता आणि मी, वारसाहक्काने, खलनायक. मी आरोळी ठोकून चाल केली. त्याने तळहात पुढे केला, "एक मिनिट," म्हणाला, टॉवेलखाली हात घालून शांतपणे, मनसोक्त पाठ खाजवली, टॉवेल नीट केला आणि मग माझ्यावर झेपावला.