बाटल्यांचे पैसे

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, याचं आमच्या गावात कोणाला काही वाटलं नाही. दारव्ह्याकडच्या आमच्या घरी सुट्टीत रंगल्या त्या बाटल्यांच्या गप्पा. तिथे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनच्या गोल तोंडात टाकायची. मशीन ती गरगर फिरवून तिच्यावरची बारकोडची पट्टी वाचतं आणि 25 सेंट जमा करतं. फार चेपलेली असली तर परत बाहेर ढकलतं. शेवटी चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दाखवायची.

"म्हंजे भंगारवालाच व्हय नं वं," आजी म्हणाली, "फक्त काटा मारत नाई."

बाबांचा प्रश्न वेगळाच. नळाचं पाणी चांगलं असताना विकत कशाला? खरंय. पण मला आता बुडबुडेवालं पाणी आवडतं, हे घरी कोण सांगणार!