तुम्ही विचारलंत म्हणून: स्पीकरवर एवढं चित्र कशाला?

माझ्या डीपीवरच्या स्पीकरचा तो भडक नाग बघून लोक विचारतातच, हा स्पीकर आहे की ट्रकची मागची बाजू, आणि आवाज दणदणीत असला की झालं ना, वर एवढी रंगरंगोटी कशाला?

तर हा पिको आहे, म्हणजे तिकडची साउंड सिस्टिम, कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बारांकिया शहरातला, नाव एल रोहो. तिथे आणि त्याच किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहरात गल्लीतल्या पार्ट्या पिकोवर चालतात. जुना पिको म्हणजे कपाटाएवढा एकच अवाढव्य खोका, आणि पुढच्या अख्ख्या कापडावर चित्र. रंग फ्लोरोसंट, कारण नाचायचं रात्री, यूव्ही लाइट पडला की चित्र पेटतं आणि बेस आला की कापडाबरोबर नागही थरथरतो. (आवाज अडत नाही का? अहो कापड आहे, प्लायवूड नाही.)

पण खरी गंमत रेकॉर्डींमध्ये आहे. १९७० च्या दशकात खलाशी, व्यापारी यांच्या हातून तिकडे आफ्रिकन रेकॉर्डी यायला लागल्या, काँगोचं सुकूस, नायजेरियाचं हायलाइफ वगैरे, आणि जी रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही ती ज्याच्याकडे, गर्दी त्याच्याकडे. मग पिकोवाले लेबलच खरवडून टाकायचे, कव्हर गायब करायचे, म्हणजे शेजारच्याला ती शोधताच येऊ नये! भाषा कुणाला कळत नव्हती, त्यामुळे लोक कानाला जसं ऐकू येईल तसं गाण्याचं नाव ठेवून मोकळे. गायक कोण माहीत नाही, देश कुठला माहीत नाही, माहीत एवढंच की हे गाणं अमक्या पिकोचं. मग तोंड पिकोलाच हवं ना, तेही लांबून ओळखू येणारं. एल ग्रान फिदेलवर तर चक्क फिदेल कॅस्ट्रो आहे.

बेलिमास्त, विल्यम गुतिएरेस हे यातले नावाजलेले पेंटर, आणि त्यांना नुसते बोर्ड रंगवणारे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. याच रेकॉर्डींतून पुढे चाम्पेता आलं, काळ्या, गरीब वस्त्यांचं संगीत, म्हणून कार्ताहेनातले पैसेवाले त्यालाही बरीच वर्षं नाकं मुरडत होते.

नंतर एका खोक्याच्या जागी खोक्यांची भिंत आली, आवाज वाढला, चित्र आकसलं, एलईडी आले. मला नाही आवडत, पण मी कुठे तिथे नाचतेय. आता जुन्या स्टाइलचे छोटे पिको लोक घरासाठी रंगवून घेतात. मलाही एक हवाय, फक्त त्याचं नाव काय ठेवायचं यावर नवऱ्याचं आणि माझं अजून जुळलेलं नाही.