राजारामपुरी ते प्रयाग चिखली सायकलनं, नववीतल्या भाचीसोबत

भाचीला शाळेला सायकलनं जायचंय. अक्का म्हणाली, "एकदा तिला घेऊन गावातनं फिरून ये, मग ठरवू." म्हणून गेल्या शनिवारी पहाटे सव्वासहाला कोल्हापूरच्या राजारामपुरीतून निघालो. जाताना मोकळा रस्ता आणि येताना दहाची गर्दी, असं दोन्ही तिला बघायला मिळावं असा बेत होता.

बागल चौक, उमा टॉकीज, बिंदू चौक, पापाची तिकटी करत गंगावेशीत पोचलो. पहाटे काहीच त्रास नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो. सायकलवाल्यांनी इथं थांबावंच, पुढं पोटभरीचं लवकर काही मिळत नाही.

शिवाजी पूल ओलांडला की सावध व्हा. हा रत्नागिरीकडं जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, गाड्या वेगात असतात. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. सांडलेली उसाची कांडकी चाकाखाली आली तर सायकल घसरते. भाचीला मी पुढं ठेवलं आणि स्वतः हातभर उजवीकडं राहिलो. मुलांसोबत जाणाऱ्यांनी असंच करावं. मागं लाल दिवा लावाच, फक्त रिफ्लेक्टरवर भागत नाही.

आंबेवाडीवरून चिखलीकडं वळलो आणि जिवाला शांतता मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस, गुऱ्हाळाचा वास, धुकं. प्रयागला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात आणि पुढं पंचगंगा म्हणून वाहतात. संगमाच्या पायरीवर आम्ही अर्धा तास नुसते बसलो. पावसाळ्यात मात्र इकडं येऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चाललंय असं ऐकलं की हा बेत रद्द करायचा. 2019 आणि 2021 च्या पुरात ही गावं पाण्यात होती.

खरी परीक्षा परतताना झाली. दहाच्या सुमारास पापाची तिकटीजवळ दोन्ही बाजूंना मोटारसायकली लागलेल्या आणि मधून रिक्षा, टेम्पो. मी खिशातून टेप काढला. लावलेल्या गाडीच्या हँडलपासून वाहत्या गाड्यांपर्यंत जागा उरली होती दीड फूट. भाचीच्या सायकलचं हँडल पावणेदोन फूट. तिनं आकडे वहीत लिहिले आणि माझ्याकडं बघत विचारलं, "मामा, मग मी जायचं कुठनं?" थोडं पुढं गटारीच्या जाळीत तिचं पुढचं चाक अडकलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच बसवलेल्या, त्यांच्यामधली फट टायरएवढी. गुडघा खरचटला, पण बरोबर मागं रिक्षा होती, हे आठवलं की अजून छातीत धस्स होतं. त्या पट्ट्या आडव्या बसवायला वेगळा पैसा लागत नाही.

सायकलीला लायसन्स नको, पासिंग नको, 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ती मोटार वाहन धरलेलीच नाही. पण रस्त्यावर तिचा हक्क इतरांइतकाच आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 11 या नियमावलीत सायकलमार्गाची रुंदी किमान दोन मीटर सांगितलीय. शहरातले रस्ते नीट आणि मोकळे ठेवणं हे 1949 च्या महापालिका अधिनियमानं महापालिकेचं बंधनकारक काम ठरवलंय. म्हणून गावातल्या जाळीचा अर्ज महापालिकेत द्या, पुलापलीकडच्या महामार्गावरच्या खड्ड्याचा मात्र महामार्गाच्या कार्यालयात. चुकीच्या दारात अर्ज नेला की महिना वाया जातो. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत असावी: धडक देणारं वाहन सापडलंच नाही तरी 2022 च्या योजनेनुसार गंभीर जखमीला 50 हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये भरपाई मिळते.

कोल्हापूरला रस्त्यासाठी भांडायला कुणी शिकवायची गरज नाही. शहरातल्या जवळपास 50 किलोमीटर रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध आख्खं गाव, पेठापेठांतल्या तालमींपासून घराघरांतल्या बायकांपर्यंत, उतरलं होतं आणि टोल घालवूनच थांबलं. त्या लढाईत मीही होतो. पण तेव्हा त्याच रस्त्यांच्या कडेला सायकलसाठी दोन मीटर आम्ही कुणी मागितले नाहीत, याची मला आज मनापासून खंत वाटते. आता मागायला हवेत. निदान शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला तरी या रस्त्यांवर पार्किंग बंद ठेवा, एवढी मागणी ताबडतोब पुरी होण्यासारखी आहे.

सोमवारी मी आणि भाची अर्ज घेऊन गेलो. सोबत टेपनं घेतलेली मापं, जाळीचा फोटो आणि जागेची खूण, म्हणजे कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबाजवळ. "रस्ते खराब आहेत" असं मोघम लिहिलेल्या अर्जाला मोघमच उत्तर येतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अक्कानं सध्या निम्मी परवानगी दिलीय. सकाळच्या शिकवणीला सायकल, शाळेला अजून रिक्षा. आवक क्रमांक भाचीनं तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं परत जाणार आहोत.