शेवटचा परिच्छेद

‘शाळेने मला काय दिले’ यावर दोन पानं लिहून पाठवा, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. शिस्त, संस्कार वगैरे बाकीची मंडळी लिहितीलच. माझ्या वाट्याला आलेली गोष्ट त्या मानाने किरकोळ आहे. कथा कुठे संपवायची, हे मी या शाळेत शिकलो. दिवाळी अंकांत माझ्या कथा येतात. त्यांच्या मानधनातला निम्मा वाटा खरं तर आमच्या मराठीच्या बाईंना जायला हवा होता (मानधन वेळेवर आलं असतं, तर गेलाही असता).

नववीला मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची असे. खाली शीर्षक आणि तात्पर्य. आम्ही पोरं तात्पर्य दोनदा लिहायचो, एकदा गोष्टीच्या पोटात आणि एकदा खाली. पोटातलं तात्पर्य बाई लाल शाईने खोडायच्या. “त्याला खाली वेगळी ओळ दिली ना? मार्क तिथं मिळतेत. गोष्टीत कशाला कोंबायलास?” परीक्षेच्या रिवाजाशी बाईंनी कधी भांडण मांडलं नाही, तात्पर्य त्याच्या जागी बसवलं आणि गोष्ट मोकळी केली. ‘तेवढ्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली’ या शेवटाला मात्र त्यांच्या वर्गात साफ बंदी होती. दोन पानं वाघाला भ्यालेल्या माणसाला शेवटी वाघच नव्हता म्हणून सांगायचं, ही त्यांच्या लेखी फसवणूक.

त्यांची तपासायची रीत अशी. वहीतला शेवटचा परिच्छेद आत दुमडायच्या आणि उरलेली गोष्ट वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. वाचून झालं की गप्प. कुणी “मग?” म्हणून विचारलं, तर दुमडलेला भाग उलगडायचा. कुणीच काही विचारलं नाही, तर तो भाग गेला. बऱ्याच वेळा जायचाच.

एकदा वर्गातल्या एकाने बैल विकल्याची गोष्ट लिहिली. पहिल्या पानावर बाप आणि शेजारचा गडी बांधावरून भांडतात, बोलणं तुटतं. पुढे लेकीच्या लग्नासाठी बाप जोडीतला एक बैल माळेगावच्या यात्रेत विकतो. शेवटी तो बैल दावं तोडून रात्रीतून घरी परत येतो, सगळे रडतात, मुक्या जनावरांवर प्रेम करावे. बाईंनी परिच्छेद दुमडला. वर्ग म्हणाला, “मग?” म्हणजे गोष्टीला शेवट हवा होता, पण हा नव्हे. बाईंनी त्याला पहिलं पान काढायला लावलं. “हे बांधाचं भांडण कुठं गेलं रे?” तो म्हणाला, ते असंच लिहिलंय. “असंच कसं? एका बैलावर पेरणी कशी करायलाय तुझा बाप?” वर्गात निम्मी पोरं शेतकऱ्यांची. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, सावडीनं, म्हणजे दोघांचे बैल एकत्र जुंपून. शेजाऱ्याकडेही एकच बैल उरला असेल, तर बापाला त्याच्याच दारात जावं लागणार. नवा शेवट एवढाच झाला: बाप शेजाऱ्याच्या ओट्यापाशी उभा राहतो आणि विचारतो, “सकाळी औत धरू का?” शेजारी काय म्हणाला, हे बाईंनी लिहू दिलं नाही.

आजही एखादी कथा अडली की मी पुढचा विचार थांबवतो आणि पहिल्या पानावर जातो. शेवट बहुधा तिथेच कुठेतरी पडून असतो.

सहलीत बाईंनी हाच धडा औंढ्याला, नागनाथाच्या देवळात दिला. नामदेवांची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, नामदेव मागे जाऊन उभे राहिले, तर देऊळच फिरलं. पुढे भक्तीचा महिमा सांगायचा तो कीर्तनकारांनी. ते समोर उभे असतात, त्यांना तो हक्क आहे. बाई आम्हाला देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. देऊळ फिरलं, पण नंदी मागेच राहिला. “बघा, इथं संपली गोष्ट,” म्हणाल्या. अंबाजोगाईला आमची पंचाईत झाली. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं, देवी कुमारिकाच राहिली. आम्ही हत्तीखान्यातले दगडी हत्ती बघत विचारत राहिलो, मुहूर्त का टळला? त्याचं उत्तर बाईंनाही देता आलं नाही, आणि ती गोष्ट मला औंढ्याच्या गोष्टीपेक्षा जास्त दिवस पुरली.

शाळा सुटताना आपण पसायदान म्हणायचो, म्हणून ज्ञानेश्वरी तिथेच संपते असं सगळ्यांना वाटतं. पण त्यानंतरही काही ओव्या आहेत. शेवटची ओवी सांगते ती शके १२१२ हे साल आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव. विश्वासाठी मागून झाल्यावर इतका कोरडा शेवट! मला तो फार आवडतो.

एका बाबतीत माझं बाईंशी कधी जमलं नाही. शेतकऱ्याच्या गोष्टीत शेवटी पाऊस यावा, असं त्यांना मनापासून वाटे. आपल्याकडच्या कथा एक तर पावसावर संपतात, नाहीतर फासावर. पाऊस मला तेव्हाच चालतो, जेव्हा तो सोयाबीन कापून गंजी लावल्यावर येतो. आणि फासाला तर शेवट म्हणणंच चूक. दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदावर दाखवावं लागतं. मग समिती ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. एक लाखाच्या मदतीसाठी घरच्या बाईने मारलेल्या खेपा कथेत क्वचितच येतात.

यंदा शाळेच्या महोत्सवानिमित्त, ज्याची ही स्मरणिका, शाळेने कथास्पर्धा घेतली आणि मला परीक्षक नेमलं. दहावीतल्या एका मुलीच्या कथेत बाप पहिल्या पानावर म्हणतो, “जमीन नावावर करायचा फेरफार काय, पुढल्या साली करू.” मधली पानं साधीच आहेत, दोन ठिकाणी तर ओढूनताणून. शेवटी आई तहसीलला उभी आहे. कारकून विचारतो, “जमीन कुणाच्या नावावर?” ती पिशवीतून सातबारा काढून देते. त्यावर सासऱ्याचं नाव.

मी पहिला नंबर दिला. दुसऱ्या परीक्षकांचं म्हणणं पडलं की कथा अर्धवट आहे, मदत मिळाली की नाही ते कळायला हवं. मी त्यांना पहिलं पान पुन्हा वाचायला दिलं.