तिसऱ्या बाळंतपणाचा अर्ज

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) म्हणून मी २७ वर्षे काम केले आणि त्या काळात इतके अर्ज तपासले की त्यांतले बहुतेक आता आठवतही नाहीत. २०१८ सालचे दोन अर्ज मात्र लक्षात राहिले आहेत, कारण ते एकाच घरातून आणि एकाच सकाळी आले होते. दोघी सख्ख्या जावा. धाकटी पहिलटकरीण होती. थोरलीला आधीच्या दोन मुली होत्या आणि ती तिसऱ्यांदा गरोदर होती. दोघी एकाच मळ्यात रोजाने खुरपायला जात, दोघींना मजुरी सारखीच मिळे, आणि दोघींना महिनेही जवळपास सारखेच गेले होते.

गरोदर बाईला बुडालेल्या मजुरीबद्दल मिळणारे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये तेव्हा तीन हप्त्यांत येत: वेळेत नोंदणी केल्यावर एक हजार, सहा महिने उलटून निदान एक तपासणी झाली की दोन हजार, आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या फेरीचे लसीकरण झाले की उरलेले दोन हजार. अट होती ‘पहिले हयात अपत्य’. अंगणवाडी सेविकेने धाकटीचा अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि थोरलीचा बाजूला काढला. नियम मीच त्यांना बैठकीत समजावून सांगितला होता, त्यामुळे त्यात सेविकेचे काहीच चुकले नव्हते. थोरली रागावली नाही, रडलीही नाही. आधार कार्डाच्या, नवऱ्याच्या आधार कार्डाच्या आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती तिने गोळा केल्या आणि म्हणाली, “मग ह्या झेरॉक्स नेते बाई, रेशनच्या कामाला येतील.”

परवा एका लग्नाच्या पंगतीत माझी मावसबहीण मला म्हणाली, “ताई, आम्ही दोघांवर थांबलो, पोटाला चिमटा काढून त्यांना शिकवले. मग दुसऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या पोराचा भार आमच्या कराच्या पैशातून का उचलायचा?” तिचा प्रश्न खोटा नाही, आणि तो विचारणारी ती एकटीही नाही. खरे सांगायचे तर नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे मी स्वतः गावोगावच्या मातांच्या बैठकांत ह्याच सुरात बोलत असे. तिला जे उत्तर मला पंगतीत नीट देता आले नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

मुळात बाळंतपणात बाईला पैसे कशासाठी द्यायचे, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे मांडले होते की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. ह्याच बाबासाहेबांनी दहा वर्षांनी, १९३८ साली, आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांच्यामार्फत त्याच विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो मंजूर झाला नाही, ही गोष्ट वेगळी. मला महत्त्वाचे वाटते ते हे की कुटुंब लहान असावे असे ज्यांचे ठाम मत होते, त्यांनीच बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च समाजावर टाकला होता, आणि ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींच्या आड येऊ दिल्या नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेही लोकांना साधने आणि माहिती देण्यासाठी. ज्या राज्याला असा वारसा आहे, तिथे गरोदर बाईचा हप्ता अडवणे हे कुटुंबनियोजनाचे साधन कधीपासून झाले, हा प्रश्न मला पडतो.

कायद्याचे म्हणाल तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा प्रसूतिलाभ सांगितला आहे, आणि त्यातून वगळले आहे ते मुख्यतः सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्याखाली तसाच लाभ घेणाऱ्या स्त्रियांना. कायद्यात ‘प्रत्येक’ हा शब्द आहे. ‘पहिले अपत्य’ आले ते योजनेच्या नियमांतून. त्याआधीची, २०१० साली निवडक जिल्ह्यांत सुरू झालेली योजना (आपल्याकडे अमरावती आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते) निदान पहिल्या दोन बाळंतपणांना लागू होती. २०१७ मध्ये योजना देशभर नेताना ती एका बाळंतपणावर आली, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार रुपये देण्याची सोय झाली. म्हणजे दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तर त्या बाईची बुडालेली मजुरी बुडालीच.

संघटित क्षेत्रातही हा हिशेब सुटलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि हयात मुले दोन किंवा अधिक असतील तर १२ आठवड्यांची. तिसऱ्या खेपेला बाईचे अंग लवकर भरून येते किंवा बाळ तिसऱ्या महिन्यातच वरच्या अन्नावर राहते, असा काही शोध लागल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट आमच्या नोंदवहीत रक्त कमी असलेल्या बायकांमध्ये लागोपाठ बाळंतपणे झालेल्याच अधिक असत.

आता मावसबहिणीच्या मुख्य शंकेकडे येते. पैसे मिळतात म्हणून लोक मुले वाढवतील का? आमच्या भागात तेव्हा खुरपणीला बाईला दिवसाचे दोनशे रुपये मिळत, म्हणजे पाच हजार ही पंचवीस दिवसांची मजुरी झाली. पंचवीस दिवसांच्या मजुरीसाठी नऊ महिने पोट वाहणारी आणि पुढे वीस वर्षे एक तोंड पोसणारी बाई मला २७ वर्षांत भेटली नाही. तिसरे मूल होते त्याची कारणे घरात असतात: मुलगा हवा असतो, तांबी बसवायला सासू नको म्हणते, किंवा सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला विचारण्याची पद्धतच नसते. थोरल्या जावेच्या बाबतीत पहिले कारण होते आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होते. त्या निर्णयात तिचे मत किती होते, हे मी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते असे आज वाटते.

ब्रिटनने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारा भत्ता तिथे बंद केला गेला, आणि त्यामागचा युक्तिवाद थेट माझ्या मावसबहिणीचाच होता. जन्मदर त्यामुळे फारसा हलला नाही, मोठ्या कुटुंबांतली मुले मात्र अधिक गरीब झाली, असे तिथल्या अभ्यासकांनी दाखवून दिले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात ती मर्यादा उठवण्याची घोषणा झाली. आपल्याकडे तर घाबरण्यासारखे कारणही उरलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ साली, महाराष्ट्रात एका स्त्रीमागे जवळपास २.९ मुले होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, हा आकडा १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. आंध्र प्रदेशाने २०२४ साली स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढून टाकली आणि तिथले मुख्यमंत्री आता जास्त मुले होऊ द्या म्हणत आहेत. तेही मला पटत नाही. काल ज्या बाईला ‘थांब’ म्हणून दटावले तिलाच आज ‘आणखी’ म्हणून सांगायचे, ह्यात तिच्या अंगाचा विचार कोणी केला?

अपत्यसंख्येची अट नेहमी उघडपणे लिहिलेली असते असेही नाही. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, त्यामुळे घरात मूल वाढले आणि त्याचे नाव कार्डावर चढले की धान्यही वाढते. अंत्योदय कार्ड मात्र सर्वांत गरिबांचे, आणि त्यावर कुटुंबाला सरसकट ३५ किलो. सात माणसांच्या घरात ते माणशी पाच किलो पडते. नऊ माणसांच्या घरात चार किलोही पडत नाही. म्हणजे सर्वांत गरीब घरातल्या नवव्या माणसाला त्याच्या शेजारच्या जरा बऱ्या घरातल्या माणसापेक्षा कमी धान्य. हे कोणी मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही, पण नियम असाच चालतो.

राज्याची २०२३ ची लेक लाडकी योजना चांगली आहे, हे आधी मान्य करते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. परंतु पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठी अर्ज करताना आईने किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचा दाखला जोडावा लागतो. कागदावर ‘आई किंवा वडील’ असले तरी टेबलावर कोण जाते हे आम्हा बायांना सांगायला नको. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. तिसरी मुलगी तर ह्या योजनेच्या बाहेरच राहते, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या घरात तिसरी येणारी मुलगीच सर्वांत नकोशी असते. मुलींसाठी काढलेली योजना नेमकी तिच्यापाशी येऊन थांबते.

उत्पन्नाची अट घालायला माझी हरकत नाही. ज्याला गरज नाही त्याला देऊ नये, हे मावसबहिणीचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. अपत्याच्या क्रमांकाची अट मात्र काढावी, कारण तो क्रमांक कोणत्याही मुलाने मागून घेतलेला नसतो. सरकारला हे अशक्य आहे असेही नाही. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी मिळणाऱ्या जननी सुरक्षा योजनेच्या मदतीतून दोन बाळंतपणांची अट २०१३ सालीच काढली गेली. महिन्याला दीड हजार देणारी लाडकी बहीण योजनाही बाईला किती मुले आहेत हे विचारत नाही, आणि त्यामुळे तिजोरीवर आभाळ कोसळेल अशी ओरड त्या कारणाने कोणी केलेली मी ऐकली नाही.

अंगणवाडीतही कोणी विचारत नाही. थोरलीला घरपोच आहाराची पाकिटे जावेइतकीच मिळाली, कारण त्या नोंदवहीत ‘गरोदर’ एवढाच रकाना होता. धाकटीचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला तेव्हा तिने तो महिना संपेपर्यंत मळ्यात जाणे थांबवले. थोरली आठव्या महिन्यापर्यंत जात राहिली. तिला मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. दर महिन्याला सेविका तिला वजनकाट्याच्या झोळीत ठेवी आणि वृद्धीपत्रकावर एक ठिपका देई. वृद्धीपत्रके मुलांची निळी आणि मुलींची गुलाबी अशी दोनच प्रकारची असतात. दहाव्या महिन्यात तिचा ठिपका पिवळ्यातून हिरव्या पट्ट्यात गेला, तेव्हा तो आईला दाखवायला सेविकेने मळ्यातून तिला बोलावून आणले होते.